नव्या कॅथलिक हायस्कूलबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

‘चर्चच्या आवारात हायस्कूल होतंय, फक्त कॅथलिक मुलं घेणार, अल्पसंख्याक असल्यानं पालिकेची परवानगीही लागत नाही, शिक्षण हक्क कायद्याचा (आरटीई) गरीब-वंचित मुलांसाठीचा कोटाही नाही, आणि प्रार्थना सक्तीची असणार,’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. शाळेच्या बांधकाम समितीत मी आहे, म्हणून लिहितो.

प्रवेश सर्व धर्मांच्या मुलांना आहे. मुंबईत हे नवं नाही. फोर्टचं सेंट झेवियर्स १८६९ पासून आहे, तिथं पारशी, हिंदू, मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शिकले.

परवानगीचा घोळ बहुधा संविधानाच्या कलम ३० वरून झालाय. ते कलम अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं, वाट्टेल तशी इमारत बांधण्याचा नाही. नकाशे महापालिकेकडूनच मंजूर करून घ्यावे लागतात, अग्निशमन दलाची एनओसी लागते, आणि विनाअनुदानित शाळेला २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली शासनाची मान्यता. जिन्याच्या रुंदीवरून आमचे आर्किटेक्ट अजून नकाशे बदलतायत, यावरून काय ते समजा!

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना आरटीईचा २५ टक्के कोटा लागू नाही. तो कायद्याचा भाग आहे, आमची पळवाट नव्हे.

‘सक्तीची प्रार्थना’ही नाही. कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही.

आणि हो, मराठी शिकवणार. २०२० च्या कायद्यानं ती सक्तीचीच आहे. तसंही आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी मराठीच बोलतात.