लोकल अधिक सायकल: एक सोपं नियोजन

सायकल आणि लोकल मिळून ऑफिस गाठायचं तुम्ही ठरवलंत, फार छान केलंत. शहराला तुमच्यासारख्यांची गरज आहे. कशासाठी, ते पुढे येईलच. मी गेले चौदा महिने हे करतोय. आणि गेल्या बुधवारपासून तर या विषयावर बोलायचा मला अधिकृत हक्क आहे, कारण माझ्याकडे पावती आहे.

सुरुवात एक्सेलपासून करा. मी ठाण्याच्या पलीकडे राहतो, ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. घर ते स्टेशन २.५ किलोमीटर. रिक्षाने २५ मिनिटं, त्यातली १८ रांगेत. सायकलने ९. पलीकडे कुर्ला पश्चिम ते बीकेसी साधारण ३ किलोमीटर. तिथल्या शेअर रिक्षाबद्दल काय लिहू? ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सायकलने १५ मिनिटं, एमटीएनएल जंक्शनचा सिग्नल धरून. दिवसाचा जवळजवळ तास वाचतो, पैसे वाचतात, पोट आत जातं. हा तक्ता फार देखणा दिसतो. रंग द्या, प्रिंट काढा, फ्रिजवर लावा. पुढे कधीतरी बघून रडायला बरा.

आता मुख्य प्रश्न. सायकल लोकलमध्ये न्यायची का?

न्या की. घडीची घ्या, म्हणजे जरा महाग पडेल. मी एका मित्राची आणून एकदाच ८.१३ला हा प्रयोग केला. दारातल्या काकांनी आधी विचारलं, "हे काय, बाळाची गाडी?" मग तिची किंमत विचारली. किंमत ऐकल्यावर डब्यातल्या अकरा जणांनी माझ्या बुद्धीबद्दल जाहीर चर्चा केली आणि मुलुंडपर्यंत एक पॅडल कोणाच्या तरी पोटरीत रुतलेलं होतं. कोणाच्या, ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. आवाज मात्र येत होता. लगेजच्या डब्यात जा म्हणाल, तर तिथे जागा आहे. फक्त ती लगेज नसलेल्या लोकांनी भरलेली असते.

खरं सांगायचं तर सायकलने लोकलमध्ये चढूच नये. हे तत्त्व मुंबईत १८९०पासून सिद्ध आहे. डबेवाला उपनगरात दारोदार फिरून डबे गोळा करतो, सायकलवरून स्टेशनला आणतो. डबे लोकलने जातात, आणि उतरल्यावर तिथल्या माणसाच्या सायकलवर नाहीतर हातगाडीवर चढतात. डबा प्रवास करतो, सायकल करत नाही. झाकणावरच्या रंगीत खुणांवर हा सगळा कारभार चालतो. तो बघायला २००३ साली प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन गेले. सायकलवेड्या नेदरलँड्समध्येसुद्धा गर्दीच्या वेळी घडी न होणारी सायकल आगगाडीत नेऊ देत नाहीत. त्याऐवजी सायकल ठेवायला जागा देतात. एकट्या उट्रेख्त स्टेशनला १२,५०० सायकली राहतात. म्हणजे जे डच लोकांना कळलं ते आपल्या डबेवाल्यांना आधीपासून कळलेलं होतं. दोन टोकांना दोन सायकली, मध्ये आगगाडी. राजपुत्राला कौतुक वाटलं. आपल्याला डबा १५ मिनिटं उशिरा आला की फोन करायचं सुचतं.

तर दोन सायकली घ्या, जुन्या घ्या. माझी अलीकडची २ हजाराची, पलीकडची १८००ची. पलीकडची एका ओळखीच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानामागे असते. त्याचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही. ओळखीचा झेरॉक्सवाला हा या नियोजनाचा कणा आहे. तुमच्याकडे नसेल तर एक्सेल बंद करा.

अलीकडची कुठे ठेवायची? स्टेशनला पार्किंग आहे. पाटीवर ठळक लिहिलंय, "टू-व्हीलर". मी पहिल्या दिवशी आनंदाने आत शिरलो.

"सायकल नाय चालत."

"पाटीवर टू-व्हीलर लिहिलंय ना?"

"हा."

"मग मोजा चाकं."

त्याने खरंच खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "ते गाडीचं. सायकल चोरीला गेली तर कोण भरणार?" मी विचारलं, आणि बाईक चोरीला गेली तर? त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. वाहन मालकाच्या जबाबदारीवर. म्हणजे बाईकची जबाबदारी न घेण्याचे ते पैसे घेतात आणि सायकलची जबाबदारी न घेण्याची सेवा अजून सुरू झालेली नाही. धीर धरा.

कपडे: काळी पँट. चेनचं ऑइल आणि साहेब, दोघांनाही काळा रंग मानवतो.

पावसाळा: जून ते सप्टेंबर हा लेख वाचू नका.

हेल्मेट जरूर घाला. डोकं वाचेल की नाही ठाऊक नाही, पण ऑफिसच्या गेटवर ओळख बदलते. पाठीवर बॅग, डोक्यावर हेल्मेट आणि अंगाला घाम बघून आमच्या इमारतीच्या सिक्युरिटीने मला सलग तीन दिवस मागच्या दाराने पाठवलं. "पार्सल टेबलवर ठेवा." चौथ्या दिवशी मी आयकार्ड दाखवलं, तर म्हणाला, सॉरी सर, आधी सांगायचं ना. तेव्हापासून मी गेटच्या आधी शंभर पावलं उतरतो, हेल्मेट काढतो, केस नीट करतो आणि मग सायकल हातात धरून माणसासारखा चालत जातो. पार्सलवाला पोरगा मात्र अजून मागच्याच दाराने जातो. त्याला सॉरी कोण म्हणणार?

बीकेसीचा सायकल ट्रॅक आवर्जून बघा, अजून शिल्लक असेल तर. २०११च्या सुमारास बांधला होता. गाड्यांची नवनवी मॉडेलं इतक्या जवळून बघायला मिळण्याची ती एकमेव फुकट जागा. २०२५मध्ये ठरलं की सायकलवाले ट्रॅक वापरतच नाहीत, तेव्हा तो काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करावा. बरोबर आहे. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात एकाने जुनं कपाट आणि दोन गाद्या ठेवल्यात, तेव्हापासून तो जिना कोणी वापरत नाही. पाडून टाकावा म्हणतो.

दहिसर आणि अंधेरीमधल्या २ए आणि ७ या मेट्रोच्या डब्यात सायकल नेऊ देतात. तेव्हा घर दहिसरला घ्या, नोकरी अंधेरीला. बायकोशी बोलून घ्या.

आता कुलूप.

कुलूप चांगलं घ्या. मी ११०० रुपयांचं घेतलं होतं, निम्म्या सायकलीच्या किमतीचं. पार्किंगने हाकलल्यावर आम्ही पंधरा-वीस जण स्कायवॉकच्या जिन्याखाली, रेलिंगच्या आतल्या बाजूला सायकली लावायचो. कोणाच्या पायात येत नव्हत्या. तिथे आधी पान खाऊन थुंकायची जागा होती. सायकली लागायला लागल्यापासून थुंकणं कमी झालं, हे मी शपथेवर सांगतो. दूधवाला होता, दोन सोनारगल्लीतले कारागीर होते, एक कॉलेजची मुलगी होती, रात्रपाळीचा एक वॉचमन होता आणि मी. रोज सकाळी कोणाची सायकल कुठे लागते ते ठरलेलं. नावं माहीत नव्हती, सायकली माहीत होत्या.

गेल्या मंगळवारी रात्री साडेआठला उतरलो. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरने नेहमीचा खेळ केला होता, दिवा स्टेशनपर्यंत एका पायावर उभा होतो, पोटात कावळे. जिन्याखाली आलो तर रेलिंग मोकळं. एकही सायकल नाही. खाली फक्त कापलेली कुलपं पडलेली, माझं ११०० रुपयांचंसुद्धा. चहावाला म्हणाला, दुपारी गाडी आली होती, बेवारस म्हणून उचलून नेल्या.

बेवारस! सकाळी ७.५५ला लावलेली सायकल दुपारी २ला बेवारस. मग आमच्या दीड वर्षाच्या भाच्याला पाळणाघरात ठेवतात, त्यालाही उचला.

बुधवारी अर्धी रजा टाकून कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सोडा. तिथून गोदामात. खिडकीतल्या माणसाने फॉर्म दिला. वाहन क्रमांक. म्हटलं, सायकल आहे. म्हणाला, मग आरसी बुक दाखवा.

"सायकलला आरसी नसते."

"मग तुमचीच कशावरून?"

"कुलपाची चावी आहे माझ्याकडे."

"कुलूप कुठंय?"

"तुम्ही कापलंत."

"मग चावीचा काय उपयोग?"

तर्क बिनतोड होता. मी मोबाइलमधले फोटो शोधले. चौदा महिन्यांत मी माझ्या सायकलचा एकही फोटो काढला नव्हता. तुम्ही काढा. रोज काढा. सोबत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरा, अपहरण झालेल्या माणसाचा काढतात तसा. शेवटी मागच्या मडगार्डवर मुलीने चिकटवलेलं मांजर सांगितलं, ते जुळलं. दंड ५०० रुपये. पावतीवर वाहन क्रमांकाच्या रकान्यात "नाही" लिहिलंय.

मी विचारलं, जिन्याशेजारी दोन महिने धूळ खात एक बाईक उभी आहे, तिच्या सीटवर मांजर व्यायलंय, ती का नाही उचलली? "तिला नंबर आहे ना साहेब. मालक सापडू शकतो." मालक सापडू शकतो म्हणून उचलायची नाही आणि सापडू शकत नाही म्हणून उचलायची! मी हे वाक्य तीनदा मनात म्हणून बघितलं. सप्टेंबर २०२५मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२वरून ५ टक्के झाला, त्याचं कारण बहुधा हेच असावं. गेली तरी हळहळ कमी व्हावी.

सायकल मिळाली. सीट नव्हतं. सीटचा दांडासुद्धा नव्हता. विचारलं, तर म्हणे, आली तेव्हा अशीच होती.

माझ्यापुढे रांगेत तो वॉचमन होता. साठीचा असेल. रात्रभर ड्युटी करून थेट आला होता, डोळे लाल. त्याची हिरवी सायकल जाळीतून दिसत होती. तो नुसता बोट दाखवत होता, "ती, कॅरिअरला सुतळी बांधलेली." खिडकीतला विचारत होता, पुरावा काय? सुतळी मीच बांधली, हाच त्याचा पुरावा. ५०० रुपये त्याच्याकडे नव्हते. सायकलच तेवढ्याची नसेल. तो म्हणाला, पगार झाल्यावर येतो. खिडकीतला म्हणाला, रोजचं भाडं लागेल. तो हो म्हणाला आणि चालत निघाला. त्याला विरुद्ध दिशेला कुठेतरी जायचं होतं, म्हणून मी "चला सोडतो" असंही म्हणू शकलो नाही. आणि कशावर सोडणार होतो? मी त्याचे पैसे भरायला हवे होते. हे मला स्टेशनला पोचल्यावर सुचलं. तेही लिहून ठेवतो.

आता सल्ला बास.

निघताना मी विचारलं होतं, अचानक ही मोहीम का? खिडकीतल्या माणसाला माझी दया आली असावी. म्हणाला, तक्रार होती, फोटोसकट. आणि त्याने स्क्रीन फिरवून दाखवली. "स्टेशन परिसरात सायकलींचा कचरा. शहराचं विद्रूपीकरण. त्वरित कारवाई व्हावी. एक जागरूक नागरिक." तोच फोटो मी आदल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बघितला होता. एकोणीस अंगठे होते त्याखाली. मी वाचून पुढे गेलो होतो. आपल्या रेलिंगचा आहे हे लक्षातही आलं नव्हतं.

जागरूक नागरिक, तुम्ही हे वाचत असाल, वाचताच तुम्ही सगळं. फोटो गाडीतून काढलाय. आरसा दिसतोय कोपऱ्यात. आणि समोर नो पार्किंगची पाटी दिसतेय, म्हणजे तुम्ही तिच्याखालीच थांबला होतात. तुमच्या एका गाडीच्या जागेत आमच्या दहा सायकली राहतात, अंग चोरून. ५ जूनला पर्यावरण दिनाचं हिरवं पान तुम्हीच फॉरवर्ड करता. युरोपातून आलात की "तिकडे मंत्रीसुद्धा सायकलने जातात" हे तुम्हीच जेवताना सांगता. रविवारी पहाटे हजारोंची सायकल गाडीच्या मागे बांधून मरीन ड्राइव्हला तुम्हीच नेता. ती सायकल म्हणजे फिटनेस आणि दूधवाल्याची म्हणजे कचरा? लाज कशी वाटत नाही? सकाळी सहाला दूध कोण आणतं तुमच्याकडे? रात्री तुमच्या गाडीवर डोळा कोण ठेवतं? तो माणूस कामावर येतो कसा, असा प्रश्न एकदा तरी पडलाय का तुम्हाला? आणि ज्या एकोणीस जणांनी अंगठे दिले त्यांनाही हेच विचारतोय. त्यातले चौघे माझ्याबरोबर ८.१३ला असतात. रिक्षाच्या रांगेत १८ मिनिटं उभे राहतात आणि गर्दी किती वाढलीय म्हणून मलाच सांगतात.

वॉचमनचा पगार ७ तारखेला होतो. तोपर्यंत भाडं चढतंय.

फोटो अजून ग्रुपवर आहे. उघडून बघा. डावीकडून तिसरी, मडगार्डवर मांजर असलेली, ती माझी. त्यात तिला सीट आहे.