नील्सनच्या कॉन्चेर्टोतील तो ट्रॉम्बोन

डॅनिश संगीतकार कार्ल नील्सन यांच्या १९२६ च्या फ्लूट कॉन्चेर्टोतील, म्हणजे एकल बासरी आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतील, बास ट्रॉम्बोन हे खर्जातले पितळी फुंकवाद्य म्हणजे निव्वळ गंमत, असे एका लेखात वाचले; ते मत मला पटले नाही. या वाद्यवृंदात ट्रम्पेट नाहीत आणि दुसरी बासरीही नाही, त्यामुळे बासरीवादक होल्गर गिल्बर्ट-येस्पर्सन यांच्यासाठी लिहिलेल्या नाजूक सुरांना तो भरड आवाज भिडतो, तेव्हा दोन स्वभावच समोरासमोर उभे राहतात. पॅरिसमधील पहिल्या सादरीकरणासाठी नील्सन यांनी तात्पुरता शेवट जोडला होता. नंतर लिहिलेल्या शेवटात मात्र ट्रॉम्बोनच ई मेजर ही स्वरपट्टी गाठतो आणि मग निःसंकोचपणे मींड घेत राहतो. ती मींड मी कितीदा तरी मागे नेऊन ऐकली आहे. प्रत्येक वेळी मला तिच्यात थट्टेपेक्षा जिव्हाळाच अधिक जाणवतो.