आकडा ठेवा, वर्षं पुसा

बर्बनच्या, म्हणजे मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीच्या, धंद्यात उतरताय ना? मग सगळ्यात आधी एक सांगतो, घाई करू नका. बाटलीवरचं वय, म्हणजे माल पिंपात किती वर्षं मुरला तो आकडा, एका रात्रीत पुसायचं नसतं. गिऱ्हाईक बाटली ओळखतं ती आकारावरून, रंगावरून आणि लेबलावरच्या त्या एका आकड्यावरून. आकडा एकदम उडवलात तर दुकानात उभ्या माणसाला चुकल्यासारखं होईल, आणि चुकल्यासारखं झालं की माणूस चष्मा काढतो. ती वेळ येऊ द्यायची नाही.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या एलायजा क्रेग या ब्रँडकडून शिका. बारा वर्षं मुरलेली म्हणून नावाजलेली बर्बन. 2015 मध्ये दर्शनी बाजूचा 12 हळूच मागच्या लेबलावर गेला, बारीक मजकुरात, जिथे गरोदर बायकांसाठीची सूचना असते त्या वस्तीत. पुढच्या वर्षी, 2016 च्या सुरुवातीला, तिथूनही गेला. आता आठ ते बारा वर्षांची पिंपं एकत्र करतो, असं कंपनीने सांगितलं. निदान सांगितलं तरी. भाडेकरूला आधी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवायचं आणि मग मागचं दार दाखवायचं, ही रीत आपल्याकडच्या घरमालकांना नवीन नाही.

पण तुमची बाटली स्वस्तातली असेल, तर याहून सुबक उपाय आहे. आकडा ठेवा, 'वर्षं' पुसा. बार्ड्सटाउन गावात व्हेरी ओल्ड बार्टन नावाची बर्बन बनते. नावातच 'फार म्हातारी'. तिच्या लेबलावर सहा वर्षं मुरल्याचं स्पष्ट लिहिलेलं असे. 2013 च्या सुमारास शब्द गेले आणि 6 तेवढा राहिला. ती बनवणाऱ्याच सॅझरॅक कंपनीच्या ओल्ड चार्टर या बर्बनचंही तेच, तिथे 8 मागे राहिला. आमचे गणिताचे सर उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापायचे. सहा काय? सहा आंबे? सहा मैल? असं वर्गासमोर उभं करून विचारायचे. केंटकीत सर नव्हते. सहा काय ते पिणाऱ्याने ठरवायचं होतं, आणि पिणाऱ्याने वर्षंच ठरवलं, कारण काल-परवापर्यंत ती वर्षंच होती.

यात तुम्ही खोटं काय बोललात? काहीच नाही. एवढं एक तत्त्व सांभाळा, बाकी सगळं आपोआप होतं.

आता कायदा. घाबरू नका, कायदा तुमच्याच बाजूचा आहे. बर्बन अमेरिकेतच बनली पाहिजे, धान्यात निदान 51 टक्के मका पाहिजे, आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ती मुरली पाहिजे आणि बाटलीत मद्यार्क 40 टक्क्यांच्या खाली उतरता कामा नये. किती दिवस मुरवायची? नुसती बर्बन म्हणायची असेल तर कायद्याला मुदतच नको आहे. पिंपाला पाय लावून आली तरी चालते. 'स्ट्रेट' म्हणायची असेल तर दोन वर्षं. चारच्या आतली असेल तर वय छापावं लागतं. चार ओलांडली की छापा नाहीतर नका छापू. म्हणजे कायदा लहान मुलांचं वय विचारतो आणि मोठ्यांच्या बाबतीत सभ्यपणा पाळतो. शिवाय छापायचंच तर पिंपांमधल्या सर्वात लहानाचं वय छापायचं. अकरा पिंपं बारा वर्षांची आणि एक चार वर्षांचं असेल तर कागदोपत्री सगळी चार. आमच्या गावच्या शाळेत निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जून होता, कारण मास्तरांनी दाखल्यावर तेच लिहिलं. पोर लवकर शाळेत बसावं म्हणून वय वाढवायचे. पिंपाच्या बाबतीत ती सोय नाही. तिथे वाढवता येत नाही, फक्त गप्प बसता येतं.

एक जुनी खोड मात्र अजून शिल्लक आहे, तिच्यापासून जपा. 1897 चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा. हे शब्द लेबलावर असले की माल एकाच कारखान्यातला, एकाच हंगामातला, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं राहिलेला आणि 50 टक्क्यांचा असावाच लागतो. असले शब्द छापून स्वतःचे हात कशाला बांधून घ्यायचे?

त्यापेक्षा भरघोस शब्द वापरा. 'स्मॉल बॅच' घ्या. बॅच किती लहान, हे कायद्यात कुठेच नाही. दोनशे पिंपंही लहान, ज्याचं गोदाम मोठं त्याच्यासाठी. 2014 मध्ये बेसिल हेडन या बर्बनने 'आठ वर्षं' काढून त्या जागी 'कलात्मकरीत्या मुरवलेली' अशा अर्थाचे शब्द आणले. जिम बीम ब्लॅकनेही आठ वर्षं सोडून 'दुप्पट मुरलेली' धरलं. कशाच्या दुप्पट? त्यांच्याच पांढऱ्या लेबलाच्या, जी चार वर्षांची असते. चार दुणे आठच ना, मग आठ लिहायला काय झालं होतं, असं विचारणारा माणूस तुमचा गिऱ्हाईक नाही. त्याला दुसरं दुकान दाखवा.

नाव ठेवतानाही हात आखडू नका. ओल्ड, व्हेरी ओल्ड, एन्शंट, यांना कायद्याने वय नाही. एन्शंट एज, म्हणजे पुरातन वय, ही बर्बन 36 महिन्यांची असते. महिन्यांत मोजावं असं वय एरवी बाळाचं असतं. हे पुरातन बाळ आपल्याकडे असतं तर नुकतं बालवाडीत जायला लागलं असतं. तिचीच मोठी बहीण एन्शंट एन्शंट एज. ती पूर्वी दहा वर्षांची मिळायची. ती गेली आणि 'दहा तारे'वाली राहिली. पंचतारांकितसुद्धा नव्हे, दशतारांकित! मी तर म्हणतो, तुम्ही बारा तारे छापा. तारे मोजायला कुठलं सरकारी खातं येत नाही.

कोणी फारच खनपटीला बसलं तर खरं कारण सांगून टाका, ते लाजण्यासारखं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत लोक व्होडकाकडे वळले आणि बर्बन आजोबांचं पेय ठरली. पिंपं गोदामात पडून राहिली. म्हणजे ती स्वस्त आठ-दहा वर्षांची बाटली कुणाच्या उदारपणातून आलेली नव्हती, तो न खपलेला माल होता. पुढे एकविसाव्या शतकात तरुणांनी बर्बन पुन्हा डोक्यावर घेतली. आता आज बारा वर्षांची हवी असेल तर बारा वर्षांपूर्वी गाळून ठेवायला हवी होती, आणि ठेवलेली नव्हती. ठेवली असती तरी दरवर्षी तीन-चार टक्के पिंपातून उडून जाते. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. वर केंटकीत पिंपांवर दरवर्षी कर. (गोव्यात देवदूत जास्तच तहानलेले आहेत. तिथल्या पॉल जॉनची व्हिस्की बर्बनच्याच वापरलेल्या पिंपांत मुरते, आणि उकाड्याने तिथली उडण्याची गती केंटकीच्या दुपटीच्या आसपास जाते.) या अडचणी खऱ्या आहेत. फक्त त्या लेबलावर छापल्या जात नाहीत. तिथे कारखाना काढणाऱ्या पणजोबांची गोष्ट छापली जाते.

पणजोबा नसतील तर माल दुसऱ्याकडून घ्या. 'अमुक गावी बाटलीबंद' असं लिहा, 'गाळलेली' हा शब्द टाळा. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गमध्ये एक प्रचंड कारखाना कित्येक ब्रँडना माल पुरवतो. लॉरेन्सबर्ग केंटकीतही आहे, गोंधळ फुकट मिळतो. जपून मात्र. आयोवाची म्हणून मिरवणाऱ्या टेम्पलटन राय या व्हिस्कीला इंडियानाचा माल विकल्याबद्दल 2015 मध्ये गिऱ्हाइकांशी तडजोड करावी लागली.

आणि पुसलेलं वय फेकून देऊ नका, ते पुढे विकता येतं. हेवन हिल कंपनीची सहा वर्षांची पांढऱ्या लेबलाची बाँडेड बर्बन फक्त केंटकीत, बारा-पंधरा डॉलरला मिळायची. 2018 मध्ये ती बंद झाली. 2019 मध्ये नव्या बाटलीत सात वर्षांची होऊन आली, चाळीस डॉलरला. एक वर्ष वाढलं आणि पंचवीस डॉलर. मुलाला एम.बी.ए. करूनही स्थळाचा भाव एवढा वाढत नाही. नॉब क्रीक या बर्बनची नऊ वर्षंही 2016 मध्ये गेली नि 2020 मध्ये सन्मानाने परतली.

मी हे शिकलो ते गिऱ्हाईक म्हणून. सिनसिनाटीत राहतो, पूल ओलांडला की केंटकी. गेल्या हिवाळ्यात भारतात येताना डोंबिवलीच्या दादांचा निरोप होता, "बर्बन आण रे, पण बारा वर्षांची आण." भारतात बर्बनवरचं आयात शुल्क 2025 मध्ये दीडशेवरून शंभर टक्क्यांवर आलं, तरी दादांचा भाऊबंदांवर जास्त भरवसा. दुकानात वाकून, वाचायचा चष्मा लावून मी फडताळं धुंडाळली. बारा लिहिलेल्या बाटलीची किंमत वाचून चष्मा काढला. शेवटी बावीस डॉलरची एक घेतली. तिच्यावर घोडा होता, सोनेरी वर्ख होता, एकोणिसाव्या शतकातलं एक साल होतं. वय नव्हतं.

डोंबिवलीत दादांनी ती ट्यूबलाइटखाली धरून फिरवली. "बारा कुठंय रे?"

"हल्ली छापत नाहीत, दादा."

त्यांनी मान डोलावली. चिवड्याची बशी पुढे सरकवत शेजारच्या कुलकर्ण्यांना म्हणाले, "बारा वर्षांची आहे. हल्ली छापत नाहीत."

कुलकर्ण्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "नाही, जाणवतं हो. वय जाणवतं."