एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे

वेल्समधल्या स्वान्सीत रविवारी माझा सकाळचा चहा होतो तेव्हा इंदूरला मामांची वामकुक्षी आटोपलेली असते. ती आमची फोनची वेळ. मामांनी चाळीस वर्षं वकिली केली, त्यातली निम्मी तरी पोटगीच्या आणि मुलांच्या ताब्याच्या प्रकरणांत गेली. मी इथे दवाखान्यांच्या नोंदींवर काम करते. थोडक्यात, दोघंही लोकांच्या घरच्या भानगडी कागदावरून वाचणारे.

सध्या वाद पेटलाय तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका भाच्यानं लिहिलं, पोटगी न्यायाधीशांनी कशाला ठरवायची? संगणकाला पगार सांगा, तो रक्कम सांगेल. लगेच एका काकांनी 'सगळे कायदे बायकांच्याच बाजूचे' हे नेहमीचं पालुपद लावलं. त्यावर मावशी उसळली, 'कागदावर मिळते रे पोटगी, हातात कुणाच्या पडते?' काकांकडे शेजारच्या मुलाची गोष्ट, मावशीकडे तिच्या पुतणीची. रात्रीपर्यंत पन्नासेक मेसेज झाले, गोष्टी दोनच राहिल्या.

मला भाच्याच्या संगणकापेक्षा मावशीचा प्रश्न मोलाचा वाटतो. इंदूरकरांनी तर तो फार आधी विचारायला हवा होता. शाहबानो प्रकरण आपल्याच गावचं. १९७८ मध्ये त्या बाईनं इंदूरच्या मॅजिस्ट्रेटपुढे महिना पाचशे रुपयांची मागणी केली. नवरा वकील, त्याची मिळकत वर्षाला साठ हजारांच्या आसपास आहे, असं तिचं म्हणणं. १९७९ मध्ये हुकूम झाला पंचवीस रुपयांचा. १९८० मध्ये उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी एप्रिल १९८५ मध्ये तोच आकडा कायम ठेवला, आणि पुढे देशभर जे रामायण घडलं ते सगळ्यांना पाठ आहे. पण पंचवीसचे एकशे एकोणऐंशी कुठल्या हिशेबानं झाले, आणि त्या काळात शेजारच्या कोर्टात तशाच बाईला किती मिळत होते, हे कुणी विचारलं नाही. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं ना!

आता कुणी म्हणेल, आता सगळं ऑनलाइन आहे. आहेच की. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कुठल्या जिल्ह्यात किती प्रकरणं तुंबलीत ते मला स्वान्सीत बसून दिसतं. माझ्या मावसबहिणीची पुढची पेशी तिच्या आधी मी मोबाइलवर बघते. पण हे सगळं कोर्टाच्या कामाचं मोजमाप आहे. निकाल लागला की प्रकरण 'निकाली'. मग नवरा पैसे देत नाही. थकलेल्या रकमेसाठी बाईनं वर्षाच्या आत पुन्हा अर्ज करायचा, त्याला नवा क्रमांक, नव्या तारखा. कोर्टाच्या खात्यात दोन प्रकरणं जमा होतात, त्यातलं एक वेळेत निकाली काढल्याची शाबासकीसुद्धा मिळते. बाई एकच असते.

वेल्समध्ये मला नेमकं हेच वेगळं दिसलं. स्वान्सीच्या विद्यापीठात 'सेल' नावाची डेटाबँक आहे, २००७ पासूनची. नाव-पत्ता एका संस्थेकडे जातो, ती त्याचा सांकेतिक क्रमांक करते; आजार, शाळा, कोर्ट यांची माहिती दुसरीकडून येते. नाव आणि माहिती एकत्र कुणीच बघत नाही, तरी तीच व्यक्ती दवाखान्यात आणि कोर्टात आली होती हे जुळतं. इंग्लंडमध्ये कोर्टाच्या नोंदी अशाच जोडून पाहिल्या तेव्हा कळलं, की ज्या आयांची मुलं सरकारनं संगोपनासाठी काढून घेण्याचा खटला चालतो, त्यांतली चारातली एक सात वर्षांत दुसऱ्या मुलासाठी पुन्हा कोर्टात उभी राहते. त्याआधी प्रत्येक न्यायाधीशासमोर एक आई, एक बाळ. पुढचं बाळ कदाचित दुसऱ्याच न्यायाधीशासमोर.

इथलं सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. अशा आयांना आधार द्यायला लंडनच्या हॅकनी भागात २०१३ मध्ये 'पॉझ' हा उपक्रम सुरू झाला, तर उपक्रमात असेपर्यंत त्या आयांनी गर्भनिरोधक वापरावं या अटीवरून टीका झालीच. आकडा हाती आला की सरकारचा हात कुठवर पोचतो, याचा हा नमुना. शिवाय या नोंदींत गरीबच जास्त दिसतात. सरकारी दारात जो सारखा जातो त्याचीच नोंद होते. श्रीमंताची भानगड खासगी डॉक्टर आणि खासगी वकिलांत जिरते.

भाच्याचा संगणकही इथे आहे म्हणा. मुलाच्या खर्चाची रक्कम कर खात्याकडच्या मिळकतीवरून काढतात: आठवड्याला दोनशे ते आठशे पौंड मिळकत असेल तर एका मुलासाठी बारा टक्के, दोघांसाठी सोळा. नोकरदाराच्या बाबतीत हे ठीक चालतं. ज्याचा स्वतःचा धंदा, त्याची मिळकत इथेही कागदावर आक्रसते. मग आपल्या इंदूरच्या क्लॉथ मार्केटातल्या रोखीच्या व्यवहाराचं काय घेऊन बसलात! २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात दोन्ही बाजूंना मिळकत-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं, ते यासाठीच. ही प्रतिज्ञापत्रं फायलींत बांधून पडतात. त्यांतला दावा, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष भरणा, एवढे तीन रकाने नावं काढून एकाखाली एक लिहिले तरी न्यायाधीशांना आपल्या हुकुमाचं पुढे काय झालं ते दिसेल. रक्कम त्यांनीच ठरवावी. मला संगणकाचा निकाल नको, निकालाचा हिशेब हवाय.

मामा म्हणाले, 'नावं काढून काय होणार? लोकमान्यनगरात कुणाचं काय चाललंय ते संगणकाआधी कळतं.' आणि मग, 'प्रत्येक प्रकरण वेगळं असतं गं.' चाळीस वर्षं हेच वाक्य.

मी त्यांच्या डायऱ्यांची आठवण काढली. लाल पुठ्ठ्याच्या, दर वर्षाची एक, अजून माळ्यावर आहेत. पक्षकाराचं नाव, पेशीची तारीख, समोरचा वकील, काय झालं, सगळं बारीक अक्षरात. म्हटलं, मामा, तुमच्याच डायऱ्यांतून काढूया, पोटगी मंजूर झालेल्या किती बायकांना पैसे मिळाले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नाही सापडणार. निकाल लागला की मी नावावर रेघ मारायचो.'