मुलाला खरी किंमत सांगा

परवा मुलगा म्हणाला, "आई, पंधराशे दिले असते तर तुझ्या तीन रजा वाचल्या असत्या." मला पटकन उत्तर सुचलं नाही.

विषय उत्पन्नाच्या दाखल्याचा. दहावीनंतर त्याने डिप्लोमाला प्रवेश घेतला, फी-सवलतीसाठी दाखला हवा होता. कार्यालयाच्या दारातच एजंट भेटला. "पंधराशे, दोन दिवसांत हातात. उत्पन्न किती दाखवायचं तेवढं सांगा." भाजीवाला 'कोथिंबीर टाकू का' विचारतो तितक्या सहज, माझ्या सोळा वर्षांच्या मुलासमोर. मी नाही म्हटलं आणि रांगेत उभी राहिले. मग कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर बंद, कधी एक झेरॉक्स कमी.

घरी आल्यावर मुलानेच मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "मग सगळे देतातच कसे?"

खरं सांगायचं तर तो कुठे आणि काय बघत मोठा झाला, हे मला माहीत आहे. शाळेचं प्रोजेक्ट स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणायचं आणि पोराने फक्त नाव घालायचं. जवळच्या शाळेत नंबर लागावा म्हणून मामाच्या घरचा पत्ता. यातलं कुणी स्वतःला भ्रष्ट समजत नाही. मुलासाठीच तर करतोय, असंच प्रत्येकाला वाटतं. मला मात्र सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते.

आणि मीही त्यातलीच. तो बारा पूर्ण झाला त्या सुट्टीतली गोष्ट. विक्रोळीहून दादरला निघालो होतो. रेल्वेत पाच वर्षांपासून बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं तिकीट. मी खिडकीवर हाफ मागितलं आणि त्याला कानात सांगितलं, कुणी विचारलं तर अकरा सांग. वाचले पाच रुपये. दादर येईपर्यंत पोरगं दरवाजाकडे बघत बसलं होतं, टीसी येतोय का म्हणून. परवा बोलता बोलता त्याने तेच काढलं. "तेव्हा मला अकरा का सांगायला लावलंस?" चार वर्षं त्याने ते मनात ठेवलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एवढ्याशा गोष्टीसाठी पोराची माफी कसली मागतेस!" पण मला ती एवढीशी वाटत नाही.

आपण मुलांना सांगतो, खरं वागलास की शेवटी चांगलंच होतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत पंधराशेवाल्याचं काम दोन दिवसांत होतं आणि आपलं लटकतं. त्याला वाटणार, आईला जगाचं काही कळत नाही. म्हणून मी त्याला हिशोबच सांगितला. तीन रजा, त्यातली एक बिनपगारी. वर रिक्षा आणि डोकेदुखी. एवढे पैसे जातात, एवढा त्रास होतो, आणि तरी मी देणार नाही. का, तर तुला खोट्या आकड्याच्या दाखल्यावर शिकवायचं नाही म्हणून. तो "बरं" म्हणाला. पटलं की नाही, माहीत नाही.

आपल्याकडे 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, हे शेजारच्या काकांनी सांगितलं. दाखल्याला ठरलेली मुदत असते, ती टळली की वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अर्जाची पोचपावती मात्र जपून ठेवायला हवी. आमची मुदत गेल्या सोमवारी संपली. काल रात्री दोघांनी मिळून अपील लिहिलं. अक्षर त्याचं, सही माझी.

शनिवारी सरकारी कार्यालयं बंद, म्हणून शुक्रवारची अर्धी रजा टाकली आहे. तो म्हणाला, मीही येतो. लेक्चर बुडेल म्हटलं. "बुडू दे," म्हणाला.