‘खोटी आशा’ म्हणणाऱ्या वाचकांना

दात्याच्या मूलपेशींत जनुकीय बदल करून एचआयव्हीवर मात करण्याच्या प्रयत्नांबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘चीनमधला प्रयोग फसला, बर्लिनचा रुग्णही शेवटी गेलाच, मग एचआयव्हीग्रस्तांना खोटी आशा कशाला दाखवता?’ असं तुम्ही विचारता. राग समजतो, पण दोन्ही उदाहरणं मला पटत नाहीत.

एचआयव्हीतून बरे झालेले पहिले रुग्ण, म्हणजे बर्लिनचे टिमोथी ब्राऊन, २०२० मध्ये वारले ते रक्ताचा कर्करोग उलटल्यामुळे. एचआयव्ही त्यांच्यात शेवटपर्यंत परतला नव्हता. त्यांना ज्या दात्याच्या मूलपेशी (रक्तपेशी घडवणाऱ्या पेशी) दिल्या, त्याला सीसीआर५ जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून मिळालेला होता. पेशीत शिरताना विषाणू आधी तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी४ या प्रथिनाला चिकटतो, मग बहुतेक वेळा त्याला सीसीआर५ जनुकापासून बनणाऱ्या त्याच नावाच्या प्रथिनाचा आधार लागतो. तो आधारच नसेल तर विषाणू बाहेरच अडकतो. असे दाते फार विरळ, त्यातून ऊतींचं जुळणं वेगळंच. म्हणून तर साध्या दात्याच्या पेशींत क्रिस्परने (जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्राने) तोच बदल घडवायची धडपड.

आता चीनचं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगातल्या रुग्णाला एचआयव्हीसोबत रक्ताचा कर्करोगही होता; त्यात दात्याच्या मूलपेशींपैकी जेमतेम १८ टक्क्यांमध्ये बदल साधला. रुग्णाच्या अस्थिमज्जेत तर ५ ते ८ टक्केच बदललेल्या पेशी टिकल्या. बाकी सगळ्या पेशींची दारं सताड उघडी! एचआयव्हीची औषधं थांबवल्यावर विषाणू उसळणारच होता, आणि उसळला. पण त्याच काळात बदललेल्या सीडी४ पेशींचं (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींचं) प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं. बदललेल्या पेशी विषाणूपुढे तग धरत असाव्यात, असं त्यातून सूचित होतं, म्हणून मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. शिवाय त्या पेशी दीड वर्षाहून जास्त काळ टिकल्या, कर्करोगही आटोक्यात आला. (२०१८ मध्ये गाजलेलं, चीनमध्येच मानवी भ्रूणांच्या जनुकांत बदल केल्याचं प्रकरण वेगळं. त्याचं समर्थन मी कधीच केलं नाही, करणारही नाही.)

‘खोटी आशा’ दाखवू नये, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी जुनी अस्थिमज्जा जबर औषधांनी रिकामी करावी लागते, त्यात जीवही जाऊ शकतो. काही विषाणू सीसीआर५ऐवजी सीएक्ससीआर४ हे दुसरं प्रथिन वापरतात, त्यांना ही युक्ती रोखत नाही. रोजच्या गोळ्यांवर ज्याचा विषाणू दबलेला आहे, त्याला कर्करोग नसताना या वाटेला लावणं आज चूकच ठरेल. गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत, हे मी लेखाच्या तळाशी लिहिलं होतं. ते पहिल्या ओळीत हवं होतं. आज ते वर घेतलं आहे, आणि शीर्षकातला ‘इलाज सापडला’ हा शब्दप्रयोगही काढून टाकला आहे.