सायकलचं मासिक काढताय? सायकलवाल्यांना काय आवडतं ते आधी ऐकून घ्या

तुमच्याकडे थोडे पैसे साठलेत, मेहुणा फोटो बरे काढतो आणि गेल्या दिवाळीत तुम्ही सायकल घेतलीय. झालं की मग, मासिक काढायची तयारी पूर्ण. आत काय छापायचं एवढाच प्रश्न उरला, आणि त्यासाठी मी आहे. अशाच एका मासिकाचा मी वर्गणीदार आहे, वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, चार अंक आलेत आणि आठ यायचेत, त्यामुळे सायकलवाल्याला नक्की काय पाहिजे याचा माझा अभ्यास एव्हाना बऱ्यापैकी झालाय.

पहिलं म्हणजे मुखपृष्ठ. त्यावर बाई पाहिजे, हेल्मेट घातलेली, घाम न आलेली. सायकल अर्धी दिसली तरी पुरे, पण तिला स्टँड, मडगार्ड, घंटी, कॅरियर यातलं काहीही असता कामा नये, आणि हँडलला कोथिंबिरीची पिशवी तर नाहीच नाही. मागे डोंगर आणि रस्ता असा की खड्डा नाही, पेव्हर ब्लॉक नाही, उलट्या बाजूने येणारा उसाचा ट्रॅक्टर नाही. हा रस्ता कुठे आहे ते आत कुठेही सांगायचं नाही. सांगितलं तर आम्ही जाऊ ना तिथे.

कागद गुळगुळीतच घ्या. चेन धुताना मी आमच्या मासिकाचा एप्रिलचा अंक खाली अंथरला होता, एक थेंब जिरला नाही, सगळं काळं तेल ओघळून थेट बायकोच्या तुळशीपर्यंत गेलं. पेपरची रद्दी यापेक्षा कामाची, पण तिला तो दर्जा नाही.

परीक्षण नेहमी साडेसहा लाखांच्या सायकलचं करा. दर महिन्याला. आम्ही दर महिन्याला एक घेतोच. नवी फ्रेम मागच्या वर्षीपेक्षा 80 ग्रॅमनी हलकी आहे हे मोठ्या अक्षरात येऊ द्या, कारण शर्यतीची सायकल 6.8 किलोच्या खाली जाऊ नये असा यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा 2000 सालापासूनचा नियम आहे आणि आम्ही सगळे बिचारे त्याच नियमात अडकून पडलोय. माझी सायकल 13 किलोची आहे, वर दोन बाटल्या, पंप, रेनकोट, डबा आणि येताना दुकानातून आणलेले पाच किलो तांदूळ. त्यातले ते 80 ग्रॅम गेले की पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढाला काय हलकं वाटेल, विचारूच नका. स्टार साडेचार द्यायचे, पाच दिले तर पैसे खाल्ले म्हणतात आणि चार दिले तर जाहिरात जाते. 2025 च्या सप्टेंबरात सायकलवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला तेव्हा पंधरा-वीस हजारांतली कुठली सायकल कितीने उतरली हे एका पानात सांगता आलं असतं, पण जाऊ द्या, पैशाचं बोलणं बरं दिसत नाही.

महिला विशेषांक मार्चमध्ये. गुलाबी.

कुत्री हा विषय टाळा.

पावसाळा विशेषांक मात्र हवाच, आणि तो सरळ बाहेरच्या इंग्लिश लेखावरून उतरवून काढायचा. आमच्या अंकात छापून आलंय, जशाच्या तसं, की रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे चेन लवकर गंजते. रस्त्यावर मीठ! अहो आमच्याकडे रस्त्यावर डांबर टाकायची मारामार आहे, मीठ कोण टाकतोय. पुढे बर्फात बोटं बधिर झाली तर काय करायचं तेही होतं, बुटांवर चढवायच्या मोज्यांचा फोटो होता. घाट उतरताना लाल चिखल ब्रेकच्या रबरात घुसून रिम कानशीने घासल्यासारखी झिजते, रबरं एका पावसाळ्यात बदलायला लागतात, तो खर्र आवाज येतो तेव्हा थांबून रबरातले खडे टाचणीने उकरून काढायचे असतात, यातलं अक्षर नाही. असणार कसं, मूळ लेख लिहिणाऱ्याने आंबोली पाहिलेली नाही.

माणसं पण परदेशातलीच घ्या. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू 2015 मध्ये दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 4800 किलोमीटर, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये तीच एकट्याने मारली. अशांना विचारायला गेलात तर ते चक्क मराठीत सांगतील ना, की झोप कशी आवरली, बसायची जागा सोलून निघाली तेव्हा काय लावलं. असलं कुणाला वाचायचंय. आणि बीआरएमबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडबद्दल, लिहायचंच असेल तर तेवढा तक्ता द्या, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस, 600 चाळीस. हा तक्ता प्रत्येक बीआरएमवाल्याला झोपेत पाठ असतो म्हणून तोच पुन्हा द्यायचा. रात्री अडीचला चहा कुठे मिळतो, कुठल्या पंपावरचा संडास उघडा असतो आणि कुठल्या ढाब्यावर सायकल नजरेसमोर लावता येते, हे ज्याचं त्याने शोधावं, त्यातच खरा आनंद आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तांत्रिक माहिती भरपूर छापा, फक्त ती तपासत बसू नका.

आमच्या मासिकात शेवटून दुसऱ्या पानावर एक चौकट असते, ‘तुम्हाला माहीत आहे का?’ नावाची. मागच्या महिन्यात त्यात होतं की 700 सी आणि 28 इंच ही चाकाची मापं एकच, दोन नावं बघून गोंधळू नका. माझी चाकं 700 सी. मी गोंधळलो नाही. गेल्या रविवारी पहाटे निघालो, कापूरहोळवरून भोरच्या दिशेने वळलो, वाटेत कुठेतरी रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली, ती मागच्या टायरला साइडने अशी लागली की दोन बोटं चिरला. आतली ट्यूब फुगा करून बाहेर आली आणि गेली. माझ्याकडे जादा ट्यूब होती, टायर नव्हता. पेडलला अडकणाऱ्या, तळाला लोखंड असलेल्या बुटांत टकटक करत तीन किलोमीटर सायकल ढकलली तेव्हा एका फाट्यावर पंक्चरचं दुकान दिसलं. बाहेर मोटरसायकलींचे टायर आणि त्यातच खुंटीला टांगलेले दोन काळ्या सायकलचे. म्हातारे मामा होते, गालात तंबाखू. विचारलं, अठ्ठावीसचा आहे का. म्हणाले, हाय की. मग माझ्या चाकाकडे बघितलं, अंगठा आणि बोट ताणून रिमला लावलं आणि म्हणाले, “ह्यो नाय बसायचा ओ ह्याला.”

मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, “मामा, दोन्ही एकच असतं, मासिकात आलंय.”

त्यांनी वाद घातला नाही. टायर चढवला. पाना न लावता, हातानेच बसला, पोराने बापाची चप्पल घालावी तसा, खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. माझी नवी ट्यूब आत घातली, मी पंपाने हवा भरायला लागलो, पन्नास-साठ स्ट्रोक झाले असतील, टायर एका बाजूने रिमच्या बाहेर आला आणि फट्. शेजारच्या टपरीवरचं कुत्रं उठून गेलं. नवी कोरी ट्यूब वीतभर फाटली. मामांनी माझ्याकडे बघितलं, तंबाखू थुंकून आले आणि कामाला लागले. मासिक कुठलं हेसुद्धा विचारलं नाही.

आता आमच्या मासिकवाल्यांनो, तुम्हालाच सांगतो. जर्मनीत 28 इंच म्हणतात ती 622 ची, म्हणजे 700 सीच, हे खरं आहे, तुम्ही जिथून उचललंत तिथे ते बरोबरच असणार. पण आपल्याकडची अठ्ठावीस म्हणजे दूधवाल्याची, पोस्टमनची, माझ्या आजोबांची ती काळी घोडा सायकल, 28 बाय दीड, आणि ती 635 ची असते हो. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तेरा मिलिमीटरचा फरक! आणि यासाठी काही संशोधन लागत नाही, आकडा टायरच्या अंगावरच उठवलेला असतो, 32-622, 40-635 असा, नुसतं चाक फिरवून वाचायचं. 26 इंची म्हणाल तर डोंगरी सायकलची 559 आणि साध्या 26 बाय एक तीन-अष्टमांशची 590, नाव तेच, टायर एकमेकांना लागत नाही. साडेसत्तावीस ती 584. पाच आकडे आहेत सगळे मिळून. पाच! तुमच्या राशिभविष्याला बारा चौकटी लागतात (हो, आमच्या मासिकात ‘सायकलस्वारांचं राशिभविष्य’ आहे, वृषभेने या महिन्यात उतारावर जपून राहावं असं होतं).

मामांनी जुन्या टायरचा तुकडा कापून चिरेच्या आतून गेटर बसवला, माझ्या जुन्या ट्यूबचं पंक्चर काढलं, त्यांच्या कॉम्प्रेसरचा नोजल माझ्या बारक्या व्हॉल्व्हला बसेना, तो तीसचाळीस रुपयांचा पितळी अ‍ॅडॉप्टर माझ्याकडे नव्हता कारण तुम्ही त्याबद्दल कधी लिहिलं नाहीत, तुमच्याकडे हवा भरायच्या गॅसच्या डब्यांची जाहिरात असते. हातपंपाने जमेल तेवढी भरली. भोरहून येणारी एसटी आली तर कंडक्टर म्हणाला सायकल घेत नाय, टप कुठाय वर. टप खरंच नव्हता. मग चालवतच आलो, सावकाश, जुन्या कात्रज बोगद्यातून, दर पाच मिनिटांनी मागे वाकून गेटर बघत. मामांनी चाळीस रुपये घेतले. काळा टायर परत खुंटीला टांगला, त्याचे पैसे मागितले नाहीत.

घरी येऊन मी तुम्हाला सविस्तर मेल केली, टायरच्या फोटोसकट. उत्तर आलं, अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आमचा आगामी ‘इटलीतील द्राक्षमळ्यांतून’ हा विशेषांक जरूर वाचा.

द्राक्षमळे! नाशिकला आहेत ना द्राक्षमळे! तिथे तरी गेलात का कधी सायकलवर? तुमच्या ऑफिसात एक माणूस सायकलने येतो का, एक? आला असता तर त्याला सातारा रोडचा सायकल ट्रॅक कुठे सुरू होतो आणि कुठल्या पाणीपुरीच्या गाडीपाशी संपतो ते माहीत असतं. चेन किती झिजली हे बघायला महागडं हत्यार लागत नाही, फूटपट्टी लावायची, 24 कड्या म्हणजे बरोबर 12 इंच, अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे सरकली की बदलायची, ही माहिती मला चाकाचा आऊट काढणाऱ्या पोराने दिली, दहावी नापास आहे तो, आणि तुम्ही चार अंकांत ती चार ओळींची दिली नाहीत. पैसे घेता लोकांकडून. लोक तुमचं वाचून खरंच टायर विकत घेतात, रस्त्यावर उतरतात, तो टायर उतारावर निघाला असता तर? मामांच्या दुकानात निघाला म्हणून मी हे लिहितोय.

आम्ही वर्गणीदार पण काही कमी नाही, त्या साडेसहा लाखांच्या सायकलचं परीक्षण मी दोनदा वाचलं होतं, खोटं कशाला बोलू. पण चूक तुमची आहे आणि ती छापील आहे, तर दुरुस्ती पण छापील पाहिजे. पुढच्या अंकात एक ओळ टाका, की मागच्या चौकटीत चुकलं, आपल्याकडची 28 बाय दीड 635 आणि 700 सी 622, एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. जागा नसेल तर वृषभ काढा.